बॉबी जोन्स : मेकॅनिकलचा असाही एक पदवीधर

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार मैदान, पांढरी टोपी, कुठल्यातरी कंपनीचे मोठे साहेब आणि त्यांच्यामागे काठ्यांची पिशवी घेऊन चालणारा माणूस! आपली हॉस्टेलवाल्यांची मजल कॅरम, टीटी आणि क्रिकेटच्या पुढे जात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शनिवारी सकाळी उठून आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघितलं. फक्त एका फटक्याने तिचं पदक हुकलं. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, पटिंग. म्हणजे हिरवळीवरून चेंडू हळूच घरंगळत नेऊन भोकात टाकणं. इतकं सोपं दिसणारं काम इतकं अवघड का, या प्रश्नाचा पाठलाग करताना मला बॉबी जोन्स भेटला.

भेटला म्हणजे पुस्तकात. तो जाऊन अर्धं शतक उलटलंय. पण त्याच्याविषयी पहिलीच गोष्ट वाचली आणि मी चाट पडले. जगातला हा थोर गोल्फ खेळाडू चक्क मेकॅनिकल इंजिनिअर होता! म्हणजे आपल्याच ब्रँचचा. मग ठरवलं की या वर्षी मराठी विभागात याच्यावर लिहायचं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे इंग्रजी शब्द मध्ये मध्ये डोकावतीलच. सांभाळून घ्या.

बॉबीचं पूर्ण नाव रॉबर्ट टायर जोन्स ज्युनिअर. जन्म १७ मार्च १९०२, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात. वडील वकील. लहानपणी हा मुलगा इतका अशक्त होता की त्याला धड जेवणही पचायचं नाही. तब्येत सुधारावी म्हणून घरचे उन्हाळ्यात ईस्ट लेकला राहायला जाऊ लागले आणि तिथे शेजारीच गोल्फचं मैदान होतं. त्या क्लबात स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटलंडचा प्रशिक्षक होता. त्याने बॉबीला बसवून असं काही शिकवलं नाही. हा पोरगाच त्याच्या मागे मागे फिरायचा, त्याचा स्विंग बघायचा आणि घरी येऊन हुबेहूब नक्कल करायचा. सहाव्या वर्षी त्याने मुलांची स्पर्धा जिंकली आणि नवव्या वर्षी क्लबची ज्युनिअर स्पर्धा.

१९१६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनला अमेरिकन ॲमॅच्युअर स्पर्धा खेळायला गेला. ॲमॅच्युअर म्हणजे हौशी, पैशांसाठी न खेळणारे. मोठमोठ्या माणसांना हरवत हा नववी-दहावीतल्या वयाचा मुलगा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव झालं. आता हा दरवर्षी बक्षिसं जिंकणार, असं सगळ्यांना वाटलं.

पण झालं उलटंच. पुढची सात वर्षं एकही मोठी स्पर्धा त्याच्या हाती लागली नाही.

कारणं दोन होती. पहिलं कारण म्हणजे त्याचा राग. फटका चुकला की तो काठी भिरकावून द्यायचा. १९२१ साली एका स्पर्धेत अशीच फेकलेली काठी उडून एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागली. अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याला पत्र पाठवून सरळ बजावलं की रागावर ताबा आला नाही तर आमच्या स्पर्धांत खेळता येणार नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट ॲन्ड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीतच, ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत त्याचा खेळ बिघडत गेला. अकराव्या होलपाशी चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि शेवटी याने खेळच अर्धवट सोडून दिला. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयाचा.

दुसरं कारण होतं पटिंग. त्याचे लांबचे फटके अप्रतिम होते. १९१६ लाच वॉल्टर ट्रॅव्हिस नावाच्या एका अनुभवी खेळाडूने त्याला बघून मत दिलं होतं, की या मुलाच्या लांब फटक्यांत आता सुधारायला काही उरलेलं नाही, शिकायला वाव आहे तो पटिंगमध्ये. हे मत किती खरं होतं ते कळायला आठ वर्षं जावी लागली.

या सात वर्षांत बॉबी नुसता हरत बसला नव्हता, शिकतही होता. १९२२ साली जॉर्जिया टेकमधून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. तिथून हार्वर्डला गेला आणि १९२४ ला इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. आधी जॉर्जिया टेककडून खेळलेला असल्यामुळे हार्वर्डच्या संघात त्याला घेता येईना, तर पठ्ठ्या संघाचा असिस्टंट मॅनेजर झाला! पुढे एमरी विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला, कोर्स पूर्ण व्हायच्या आधीच वकिलीची परीक्षा पास झाला आणि वडिलांच्या ऑफिसात कामाला लागला. गोल्फ हा त्याचा धंदा कधीच नव्हता. वर्षातले काही महिनेच तो खेळायचा.

सात वर्षांचा दुष्काळ १९२३ ला संपला. न्यूयॉर्कजवळच्या इनवुडला यू. एस. ओपन होती. शेवटच्या होलला घोटाळा करून त्याने हातातली स्पर्धा घालवली आणि बॉबी क्रुकशँकशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी दोघांचा १८ होलचा प्ले-ऑफ. सतरा होलनंतरही दोघे बरोबरीत! अठराव्याला जोन्सचा चेंडू गवताबाहेरच्या उघड्या मातीवर पडला. समोर पाणी, पाण्यापलीकडे हिरवळ आणि अंतर साधारण १९० यार्ड, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या आसपास. सुरक्षित खेळायचं तर पाण्याअलीकडे चेंडू ठेवता आला असता. त्याने फार विचार न करता लोखंडी क्लब काढला आणि फटका मारला. चेंडू पाणी ओलांडून भोकापासून सहा-आठ फुटांवर जाऊन थांबला. एकविसाव्या वर्षी पहिली मोठी ट्रॉफी!

आता थोडं गणित करू या. गोल्फच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. आपण दहा फुटांवर उभे आहोत. चेंडूचा मध्य भोकाच्या कडेच्या आत जायला हवा, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ५४ मिलिमीटरची सूट. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. कॅल्क्युलेटर काढा आणि टॅन इन्व्हर्स घ्या, उत्तर येतं एक अंश. ड्रॉईंगच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावरची सगळ्यात लहान खूण! वीस फुटांवरून तेच अर्धा अंश. आणि हे टेबलासारख्या सपाट जमिनीवर. हिरवळीला तर उतार असतो, गवताचा कल असतो, वर हजारो लोक श्वास रोखून बघत असतात. कॅरमच्या सोंगटीला निदान फ्रेम तरी असते, इथे तीही नाही.

हा एक अंश सांभाळायला बॉबीला शिकवलं ते ट्रॅव्हिसनेच. या ट्रॅव्हिसबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जन्म १८६२ चा, ऑस्ट्रेलियातला. पस्तिशीच्या आसपास त्यांनी पहिल्यांदा गोल्फची काठी हातात घेतली. ज्या वयात लोक खेळ सोडतात त्या वयात सुरुवात! ताकद नाही, लांब फटका नाही. मग त्यांनी ठरवलं, अचूकपणा हाच आपला जोर. १९००, १९०१ आणि १९०३ ला ते अमेरिकन ॲमॅच्युअर जिंकले. १९०४ ला इंग्लंडला जाऊन ब्रिटिश ॲमॅच्युअरही जिंकून आले. त्या वेळी त्यांच्या हातात एक विचित्र पटर होता, ज्याची दांडी डोक्याच्या टोकाला न बसवता मधल्या बाजूला बसवलेली होती. हा पटर जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर्थर नाइट या इंजिनिअरने बनवला होता आणि त्याच्या गावावरून त्याचं नाव पडलं स्केनेक्टडी पटर. ब्रिटिशांना ही हार इतकी झोंबली म्हणतात, की काही वर्षांनी अशा पटरवर त्यांनी बंदीच घातली!

१९२४ च्या वसंतात ऑगस्टा शहरात या दोघांची भेट झाली. एक बावीस वर्षांचा यू. एस. ओपन विजेता आणि एक साठी ओलांडलेला म्हातारा. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की ओपन जिंकलेला पोरगा मुकाट्याने ऐकायला उभा राहिला.

ट्रॅव्हिसनी तीन साध्या गोष्टी सांगितल्या. पहिली, पाय जवळ घ्यायचे, टाचा जवळजवळ चिकटतील इतके. पाय फाकवून उभं राहिलं की शरीर डोलतं, आणि शरीर डोललं की तो एक अंश गेलाच. दुसरी, पकड बदलायची. डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर ठेवायची, म्हणजे दोन्ही हात वेगवेगळे न ओढता एक होऊन काम करतात. तिसरी गोष्ट तर वर्कशॉपमधली वाटते. चेंडूच्या मागच्या बाजूला एक छोटा खिळा आहे अशी कल्पना करायची आणि पटरने तो खिळा सरळ आत ठोकायचा. खिळा वाकडा ठोकला तर वाकडाच जाणार, हे फिटिंग आणि कार्पेंट्रीच्या जॉबवर आपण सगळेच शिकलोय.

बॉबीने हे गिरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच मेरियनच्या मैदानावर, तो पहिल्यांदा अमेरिकन ॲमॅच्युअर चॅम्पियन झाला.

दिशेबरोबर वेगही आला. ईस्ट लेकच्या मेडनकडून मिळालेली एक शिकवण त्याने आयुष्यभर जपली. भोकापाशी पोचता पोचता ज्याचा वेग संपत आलाय, अशा चेंडूला आत शिरायला चार दारं असतात. समोरचं, दोन बाजूंची आणि मागचंसुद्धा. जोरात मारलेल्या चेंडूला मात्र एकच दार, समोरचं. ही गोष्ट फिजिक्सने पडताळून बघता येते. चेंडू भोकात अडकायला त्याचा मध्य कडेच्या खाली जायला हवा. चेंडूची त्रिज्या साधारण २१ मिलिमीटर. एवढं खाली पडायला सुमारे ०.०६६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो ८७ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे गेला तर पलीकडच्या कडेवर आपटणार. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला १.३ मीटर. हा हिशोब अगदी मधोमध आलेल्या चेंडूचा. कडेजवळून आलेल्याला याहून कमीच वेग चालतो. म्हणजे वेग वाढला की १०८ मिलिमीटरचं भोक आपोआप लहान होत जातं. बॉबीने समीकरण मांडून पटिंग केलं नसेल, पण त्याचे चेंडू भोकाच्या तोंडाशी येऊन जणू विचार करून आत पडायचे.

त्याच्या पटरचं नाव होतं कॅलॅमिटी जेन. स्टुअर्ट मेडनच्या भावाने, जिमने, तो त्याला दिला. साधी हिकरी लाकडाची दांडी, तीही तडकलेली आणि दोऱ्याने गुंडाळून पक्की केलेली. पुढे त्याची तंतोतंत प्रत बनवून घेतली आणि तीच त्याने वापरली.

आणि रागाचं काय झालं? तोही पटिंगसारखाच सरावाने गेला. बॉबीने एक युक्ती शोधली. समोरच्या माणसाशी खेळायचंच नाही, खेळायचं ते पारशी. पार म्हणजे त्या होलला चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके. पार कधी चिडत नाही, नशिबावर जिंकत नाही आणि कधी घाबरतही नाही. अशा प्रतिस्पर्ध्यावर रागवायचं तरी कसं?

हा बदल किती खोल होता ते १९२५ ला दिसलं. वुस्टरच्या यू. एस. ओपनच्या पहिल्याच फेरीत, अकराव्या होलला, लांब गवतात फटक्याची तयारी करताना चेंडू किंचित हलला. कुणीच बघितलं नव्हतं. ना पंचांनी, ना बरोबरच्या खेळाडूने. बॉबीने स्वतःच सांगितलं आणि स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. पंच समजूत घालत राहिले, हा ऐकेना. चार फेऱ्या संपल्या तेव्हा त्याची विली मॅकफर्लेनशी बरोबरी झाली होती. तो एक दंड नसता तर बॉबी तिथेच जिंकला असता. मग ३६ होलचा प्ले-ऑफ झाला आणि तो एका फटक्याने हरला.

मला वाटतं, त्याच्या सगळ्या ट्रॉफींपेक्षा ही हार मोठी आहे. लॅबमध्ये ग्राफ आधी आणि रीडिंग नंतर काढण्याची पद्धत कुठल्या कॉलेजात नाही, सांगा? पण ज्याला अचूक व्हायचंय त्याला निदान स्वतःचा हिशोब तरी खरा ठेवावा लागतो. आपण किती चुकलो हेच खोटं लिहिलं तर दुरुस्ती कशाची करणार? अमेरिकन गोल्फ संघटना १९५५ पासून खिलाडूवृत्तीचा पुरस्कार देते, तो बॉब जोन्सच्याच नावाने.

यानंतर यश थांबलं नाही. १९२६ ला लिथमच्या ब्रिटिश ओपनमध्ये सतराव्या होलला वाळूतून मारलेला त्याचा फटका सरळ हिरवळीवर गेला. त्या जागी आजही स्मृतिफलक आहे. १९२९ ला विंग्ड फूटला मोठी आघाडी घालवून तो शेवटच्या होलवर आला. बरोबरीसाठी १२ फुटांचा वळणारा चेंडू आत टाकायचा होता. गेला तर प्ले-ऑफ, नाही तर सगळं संपलं. चेंडू कडेशी पोचला, क्षणभर थबकला आणि आत पडला. दुसऱ्या दिवशीचा प्ले-ऑफ त्याने २३ फटक्यांनी जिंकला!

आणि मग आलं १९३०. त्या काळी चार मोठ्या स्पर्धा मानत. ब्रिटिश ॲमॅच्युअर, ब्रिटिश ओपन, यू. एस. ओपन आणि यू. एस. ॲमॅच्युअर. या चारही एका वर्षात बॉबीने जिंकल्या. यू. एस. ओपनच्या शेवटच्या होलला त्याने सुमारे ४० फुटांवरून चेंडू आत टाकला. वरच्या हिशोबाने बघा, पाव अंश! सप्टेंबरच्या २७ तारखेला मेरियनला चौथी स्पर्धा खिशात टाकली, जिथे चौदाव्या वर्षी सुरुवात केली होती तिथेच. एका वर्षात या चारही स्पर्धा त्याच्याआधी किंवा नंतर कुणीही जिंकलेल्या नाहीत. एकूण तेरा मोठी विजेतेपदं, आणि बक्षिसाच्या रकमेतला एक डॉलरही नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. वय वर्षं २८.

यानंतर त्याच्यातला इंजिनिअर बाहेर आला. स्पॉल्डिंग कंपनीसाठी त्याने स्टीलच्या दांड्यांच्या क्लबचा संच डिझाइन करायला मदत केली. याविषयी एक गोष्ट सांगतात. त्याचे जुने लाकडी दांडीचे क्लब त्याने वर्षानुवर्षं नुसत्या हाताच्या अंदाजाने निवडून जमवले होते. उपकरणांवर तपासले तेव्हा सगळे एकमेकांशी जुळले, फक्त एक सोडून. आणि नेमका तोच क्लब त्याला कायम त्रास द्यायचा! १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याच्याकडून गोल्फ शिकवणारे बारा छोटे सिनेमे करून घेतले. नंतर ॲलिस्टर मॅकेन्झीबरोबर त्याने ऑगस्टाचं प्रसिद्ध मैदान उभारलं, आणि १९३४ पासून तिथे मास्टर्स स्पर्धा सुरू झाली. या मैदानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो थेट १९७५ साली, आणि पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला १९९० मध्ये.

१९४८ नंतर बॉबी गोल्फ खेळू शकला नाही. त्याला मज्जारज्जूचा दुर्मिळ आजार जडला. आधी काठी, मग पायाला पट्ट्या, शेवटी व्हीलचेअर. ज्या हातांनी एक अंश सांभाळला त्या हातांना पेन धरणं कठीण झालं. वीसपेक्षा जास्त वर्षं त्याने हे सोसलं, आणि पूर्वीचा काठ्या फेकणारा मुलगा आता कुरकुर करत नव्हता.

१९५८ मध्ये सेंट ॲन्ड्र्यूजने त्याला शहराचं मानाचं नागरिकत्व दिलं. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. ज्या गावात एकोणिसाव्या वर्षी खेळ टाकून निघून गेला, त्याच गावाने त्याला आपलं म्हटलं. १८ डिसेंबर १९७१ ला तो गेला. तिथल्या ओल्ड कोर्सच्या दहाव्या होलला आज त्याचं नाव आहे.

गोल्फच्या स्कोअरकार्डची एक गंमत आहे. अडीचशे यार्डांचा दणदणीत फटका म्हणजे एक आणि दोन फुटांवरून हळूच ढकललेला चेंडू म्हणजेही एकच. बॉबीला पहिला फटका लहानपणापासून येत होता. दुसरा शिकायला त्याला सात वर्षं, एक म्हातारा गुरू आणि भरपूर संयम लागला. आपल्यापैकी ज्यांचे हुशारीचे फटके लांब जातात आणि मार्क मात्र दोन फुटांवर अडकतात, त्यांनी एकदा या आपल्या ब्रँचच्या सीनिअरची गोष्ट जरूर वाचावी. पाय जवळ, हात एकत्र, आणि खिळा सरळ!